अंतिम युद्ध कोणत्या छावणीतून पाहायचे?

ख्रिस्ती धर्मग्रंथातील शेवटचे पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. ते उघडताच वाचक रणांगणात जाऊन पडतो. रणशिंगे वाजत असतात, घोडे उधळत असतात, नगरे ढासळत असतात, स्वर्गात देवदूतांची आणि अजगराची लढाई जुंपलेली असते. आणि अखेरीस पांढऱ्या घोड्यावर एक स्वार अवतरतो. आपल्याकडील वाचकाला या ठिकाणी कल्की आठवल्यावाचून राहत नाही. युगाचा शेवट, पांढरा घोडा, तलवार, दुष्टांचा संहार, सारे ओळखीचे वाटते.

युद्धाची ही भाषा निव्वळ अलंकार म्हणून सोडून देता येत नाही. गेल्या दोनशे वर्षांत या भविष्यवाणीचे जे जे अर्थ लावले गेले, त्यांच्या मुळाशी कोणती ना कोणती लष्करी कल्पना आहे. कोणी तिच्यात वेढ्यात सापडलेला किल्ला पाहिला, कोणी आगेकूच करणारी फौज पाहिली, तर कोणी निर्णायक लढाईनंतर रेंगाळलेले युद्ध पाहिले. प्रस्तुत लेखात या तीन कल्पनांचा विचार करायचा आहे. पण त्यांच्याआधी एक प्रश्न उभा राहतो: हे युद्ध आपण कोणत्या छावणीत उभे राहून पाहतो आहोत? जिंकणाऱ्यांच्या की हरणाऱ्यांच्या? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. मुंबईचे रस्ते आणि यवतमाळचा मुलूख त्याला पुरेसे आहेत.

प्रथम मूळ ग्रंथाकडे पाहू. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते ‘प्रकटीकरण’ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात सिद्ध झाले. लेखक योहान स्वतः पात्म बेटावर होता आणि त्याने ज्या सात मंडळ्यांना लिहिले त्या आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील होत्या. इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेम जिंकून तेथील मंदिर जाळले होते. या घटनेची राख अजून निवालेली नव्हती. ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले त्यांच्याजवळ फौज नव्हती, किल्ला नव्हता, राजाश्रय नव्हता. सैन्य होते ते रोमचे. युद्धाची सगळी चित्रे येथे बिनफौजेच्या माणसाने रंगवलेली आहेत.

म्हणूनच त्यातील शस्त्रे चमत्कारिक आहेत. पाचव्या अध्यायात यहूदा वंशाच्या सिंहाची घोषणा होते; योहान वळून पाहतो तर समोर वधलेला कोकरा उभा असतो. एकोणिसाव्या अध्यायातील स्वाराचे वस्त्र लढाईला तोंड लागण्यापूर्वीच रक्तात भिजलेले आहे आणि त्याची तलवार हातात नसून मुखातून निघालेली आहे. त्याच्यामागून येणारी स्वर्गीय सेना चिलखते न घालता स्वच्छ तागाची वस्त्रे नेसून येते, आणि तिने एकही वार केल्याचे वर्णन नाही. शब्द युद्धाचे घ्यायचे आणि त्यांतले पोलाद काढून टाकायचे, अशी ही रीत आहे. पुढच्या वाचकांनी मात्र ते पोलाद पुन्हा पुन्हा आत भरले.

अंतिम युद्धाचे स्थळ म्हणून सोळाव्या अध्यायात ‘हर्मगिदोन’ हे नाव येते. त्याचा संबंध बहुधा मगिद्दोशी जोडला जातो. हे ठिकाण गूढ नाही. इजिप्तकडून दमास्कसकडे जाणारी जुनी वाट कर्मेल डोंगराच्या रांगेतील एका खिंडीतून जिझ्रेलच्या मैदानात उतरते. त्या खिंडीच्या तोंडाशी मगिद्दो आहे. खिंड कोणाच्या ताब्यात यावर मुलूख कोणाचा हे ठरते, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तचा फेरो तिसरा थुटमोस या अरुंद खिंडीतून सैन्य काढून मगिद्दोवर चालून गेला. इसवी सनापूर्वी ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया येथेच पडला. एवढ्या लढायांनी मुरलेली जमीन शेवटच्या लढाईसाठी प्रतीक म्हणून निवडली गेली, यात नवल नाही.

आणि तेथे आधुनिक काळातही लढाई झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल ॲलन्बीच्या घोडदळाचा एक भाग रातोरात त्याच खिंडीतून पार झाला आणि तुर्की सैन्याची फळी मागून कापली गेली. त्या मोहिमेत जिझ्रेलच्या मैदानात उतरलेल्या घोडदळात पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही आपल्याकडील नावे धारण करणारी पथके होती. ॲलन्बीला पुढे जो किताब मिळाला त्यात ‘मगिद्दो’ हे नाव समाविष्ट होते. भविष्यवाणीतल्या स्थळी लढाई झाली, तीत जय मिळाला, किताब वाटले गेले. जगाचा अंत मात्र झाला नाही. नकाशावर बोट ठेवून भविष्यवाणी वाचणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता तीन लष्करी कल्पनांकडे वळू. त्यांचा वाद विसाव्या अध्यायाभोवती फिरतो. सैतानाला बांधून ठेवल्यानंतर हजार वर्षे ख्रिस्ताचे राज्य चालेल, असे तेथे सांगितले आहे. ख्रिस्त या हजार वर्षांच्या आधी येणार की नंतर? प्रश्न वरवर पंचांगाचा वाटतो. प्रत्यक्षात तो रणनीतीचा आहे.

ख्रिस्त आधी येणार, असे मानणाऱ्यांत जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) याचे नाव महत्त्वाचे आहे. त्याच्या मांडणीप्रमाणे जग उत्तरोत्तर बिघडत जाणार; श्रद्धावंतांना ख्रिस्त अकस्मात वर उचलून घेणार आणि त्यानंतर महासंकट ओढवणार. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसहित बायबलमुळे ही मांडणी घरोघर पोहोचली. तिच्यातील लष्करी चित्र वेढलेल्या किल्ल्याचे आहे. शिबंदी थोडी, शत्रू अफाट. बाहेर पडून मुलूख जिंकायचा नाही. दरवाजे लावून कुमक येईपर्यंत तग धरायचा. अशा किल्ल्यातील माणूस तटाबाहेरच्या शेतात विहीर खणत नाही. शेत आज ना उद्या जळणारच, हे त्याला ठाऊक असते.

दुसरी कल्पना याच्या उलट आहे. हजार वर्षांचे राज्य आधी पृथ्वीवर प्रस्थापित व्हायचे आणि ख्रिस्ताचे आगमन त्यानंतर. तसे असेल तर फौज उभारून मुलूख जिंकत जाणे हेच भक्तांचे काम ठरते. विल्यम बूथ (१८२९–१९१२) याने हे शब्दशः केले. लंडनच्या गरीब वस्तीत १८६५ मध्ये सुरू केलेल्या आपल्या मिशनला त्याने १८७८ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव दिले. आपल्याकडे तिचे नाव ‘मुक्तिफौज’ असे रुळले. तिची नियमावली ब्रिटिश लष्कराच्या पुस्तिकेच्या धर्तीवर तयार झाली. प्रमुख तो जनरल, धर्मोपदेशक तो कॅप्टन, सभासद तो शिपाई. वृत्तपत्राचे नाव ‘वॉर क्राय’, म्हणजे रणगर्जना. गुडघे टेकून केलेली प्रार्थना म्हणजे ‘गुडघ्यांची कवायत’. आठवड्याची वर्गणी म्हणजे ‘काडतूस’. आणि मृत्यू म्हणजे ‘गौरवाप्रत बढती’. स्त्रियांनाही या फौजेत अधिकारपदे होती.

या कवायतीमागे अंतकाळाचा निश्चित विचार होता. ऑगस्ट १८९० मध्ये बूथने सहस्रवर्षीय राज्यावर एक लेख लिहिला आणि ते राज्य म्हणजे मुक्तिफौजेच्या तत्त्वांचा अंतिम विजय, असे मांडले. नव्या युगात लंडन कसे असेल याचेही चित्र त्याने रेखाटले; हाइड पार्कवर छत घालून जगाचे मध्यवर्ती मंदिर उभारावे, इथपर्यंत त्याची कल्पना धावली. त्याच वर्षी त्याचे ‘इन डार्केस्ट इंग्लंड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात बेकारांसाठी शहरी वसाहत, शेतवसाहत आणि समुद्रापलीकडील वसाहत अशी योजना होती. जग जिंकायचे आहे म्हटल्यावर जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावणे ओघाने आलेच. किल्ल्यातला माणूस जे करणार नाही ते ही फौज करत होती. ती विहीर खणत होती.

ही फौज १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईच्या बंदरात उतरली. तिचा नायक होता फ्रेडरिक टकर. हिंदुस्थानात जन्मलेला हा इंग्रज पंजाबात सनदी अधिकारी होता. ‘वॉर क्राय’चा अंक वाचून तो बूथकडे गेला आणि त्याने सरकारी नोकरी सोडली. त्याच्यासोबत आणखी तिघेजण होते, त्यांत एक स्त्री. मुक्तिफौजेच्या परंपरेत असे सांगतात की, बंदरावरच्या पोलिसांनी ‘बाकीची फौज कोठे आहे?’ असे विचारले, तेव्हा ‘आम्हीच ती फौज’ असे उत्तर त्यांना मिळाले. ही मंडळी भगवी वस्त्रे ल्याली, अनवाणी हिंडली, भिक्षेवर राहिली. टकरने ‘फकीरसिंग’ हे नाव घेतले.

मुंबई सरकारला हे रुचले नाही. १८७४ मध्ये शहरात पारशी व मुसलमान यांच्यात दंगल झाली होती, तेव्हा धार्मिक मिरवणुकांची धास्ती होतीच. त्यात गोऱ्या माणसाने नेटिवांचा वेश करून रस्त्यावर वाजतगाजत हिंडावे, हे राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे वाटले. मिरवणूक काढल्याबद्दल अटका झाल्या, दंड झाले, पुढे तुरुंगवासही झाला. कलकत्त्याला ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांची बाजू उचलून धरली. हा क्षण अर्थपूर्ण आहे. साम्राज्याच्या खऱ्या फौजेने बिनशस्त्र फौजेला पकडले. या वेळी मुक्तिफौज पात्म बेटाच्या अगदी जवळ उभी होती. जनरल, कॅप्टन, काडतूस हे शब्द तिच्या तोंडी होते, पण त्यांत पोलाद नव्हते.

ही स्थिती टिकली नाही. १८७१ च्या कायद्याने हिंदुस्थानातील अनेक जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता. जन्माला आलेले मूलच गुन्हेगार, असा या कायद्याचा खाक्या. त्या जमातींना वसाहतींत डांबून ‘सुधारण्याचे’ काम सरकारने हळूहळू मिशनांकडे सोपवले. मुक्तिफौजेने १९०८ मध्ये गोरखपूरला अशी वसाहत चालवायला घेतली. पुढे आंध्रातील स्टुअर्टपुरम् ही तिची वसाहत प्रसिद्ध झाली. हजेरी, परवाना, ठरलेले काम, ठरलेली वेळ. ‘शिस्त’ हा शब्द आता उपमा राहिला नाही. स्वेच्छेने गुडघे टेकणाऱ्या शिपायाची कवायत वेगळी, आणि हजेरीला उभे राहिले नाही तर शिक्षा भोगावी लागणाऱ्या येरुकुल स्त्रीची कवायत वेगळी. तेथे शिक्षण मिळाले, रोजगार मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु त्या माणसांनी ही फौज निवडली नव्हती. ती तिच्या ताब्यात दिली गेली होती.

महाराष्ट्रात या कायद्याने पारध्यांचे काय केले हे वेगळे सांगायला नको. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्या वाचकाला तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी अंगावरून कसा जात नाही, हे ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. ज्यांना आपले राज्य जिंकणारच याची खात्री असते त्यांना जिंकलेल्या माणसाची संमती विचारण्याची गरज भासत नाही. आगेकुचीच्या कल्पनेतला धोका तो हाच.

तिसरी कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर पुढे आली. ऑस्कर कुलमान (१९०२–१९९९) या धर्मपंडिताने ‘ख्रिस्त आणि काळ’ या अर्थाच्या शीर्षकाचे आपले जर्मन पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. कुलमानने त्यातून दृष्टान्त घेतला. युद्धात निर्णायक लढाई एक असते आणि विजयदिन दुसरा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य उतरले, विजयदिन उजाडला ८ मे १९४५ रोजी. कुलमानचे म्हणणे समजावताना आज बहुधा याच दोन तारखा सांगतात. मधल्या अकरा महिन्यांत माणसे मरत राहिली, गावे जळत राहिली; पण निकाल लागून गेला होता. ख्रिस्ताचे क्रूस आणि पुनरुत्थान ही निर्णायक लढाई, त्याचे पुनरागमन हा विजयदिन. आणि आपण मधल्या काळात जगत आहोत. वेढ्यातली हताशा आणि आगेकुचीचा उन्माद या दोहोंना बाजूला सारणारी ही मांडणी आहे. धर्मशास्त्राच्या वर्गांत तिचा प्रभाव मोठा पडला, हे साहजिक होते.

पण हा दृष्टान्त जरा यवतमाळच्या मातीवर आणून पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला आणि पेशव्यांचे राज्य संपल्याचे सांगितले. त्या दिवशी पेशवा जिवंत होता, त्याच्याजवळ फौज होती, बापू गोखल्यांची समशेर अजून म्यान झाली नव्हती. ते पडले २० फेब्रुवारीला, आष्टीला. त्यानंतरही दुसरा बाजीराव पूर्वेकडे धावत राहिला. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी होईल ही आशा होती. १७ एप्रिल १८१८ रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळील शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. बाजीराव शरण आला तो ३ जूनला. आणि असीरगड पडला एप्रिल १८१९ मध्ये.

नागपूरची कथाही अशीच. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. १६ डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन इंग्रजांच्या हाती आले. धनी गेला, पण शहरातील अरब शिपायांनी शस्त्रे ठेवली नाहीत. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि ३० डिसेंबरला कुटुंबकबिल्यासह सुरक्षित वाट मिळवूनच ते बाहेर पडले. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबचे नाव ऐकले की या मुलखातून वावरलेल्या त्या अरब पलटणींची आठवण होते. निकाल लागल्यावरही लढणारी माणसे इतिहासात अशी असतात.

कुलमानची आकृती या घटनांना तंतोतंत बसते. निर्णायक लढाई झाली आहे, जाहीरनामा निघाला आहे, विजयदिन यायचा आहे. फरक एवढाच की येथे ‘निकाल लागलेला आहे’ हे वाक्य एल्फिन्स्टनचे आहे. शिवणीच्या रानातल्या मराठी शिपायाला तो निकाल ठाऊक नव्हता, आणि असता तरी त्याला तो मान्य नव्हता. विजेत्याला जो मधला काळ केवळ उरलीसुरली कामे उरकण्याचा वाटतो, तोच पराभूताला धावण्याचा, लपण्याचा, कोणी तरी येऊन मिळेल या आशेचा वाटतो. ज्या खेड्यांवरून दोन्ही फौजा गेल्या तेथील कुणब्याला तर दोन्हीकडून एकच कळले असेल: दाणावैरण गेली.

दृष्टान्त येथे मोडतो असे मला म्हणायचे नाही. तो उलटा करून पाहावा लागतो. ‘प्रकटीकरण’ लिहिणारा शिवणीच्या बाजूचा आहे, साताऱ्याच्या जाहीरनाम्याच्या बाजूचा नाही. त्याच्या काळी जाहीरनामे रोम काढत होता. नाण्यांवर, कमानींवर, मंदिरांवर ‘निकाल लागला आहे’ असे रोमनेच कोरले होते. त्या निकालाला न जुमानता पात्मवरील एक माणूस लिहितो की, खरा निकाल वेगळाच आहे आणि जिंकणारा वधला गेलेला आहे. हे वाक्य पराभूताच्या तोंडी धैर्याचे ठरते. तेच वाक्य तोफखाना बाळगणाऱ्याच्या तोंडी गेले की त्याची धमकी होते. शब्द तेच राहतात. छावणी बदलली की अर्थ बदलतो. मुक्तिफौजेच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ पाव शतकाच्या अंतराने दिसतात: १८८२ ला मुंबईच्या रस्त्यावर पहिला, १९०८ नंतरच्या वसाहतींत दुसरा.

मराठी ख्रिस्ती परंपरेने युद्धाखेरीज दुसऱ्याही प्रतिमा हाताळल्या, याची नोंद घ्यायला हवी. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनमध्ये मोठे धार्मिक जागरण झाले. त्या काळी जगभर अशा जागरणांना अंतकाळाची चाहूल मानत आणि त्यांचे वर्णन ‘शेवटचा पाऊस’ असे करत. योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातील ही प्रतिमा आहे: पेरणीला एक पाऊस, आणि कणीस भरण्यासाठी कापणीपूर्वी दुसरा. मराठी बायबलात या दुसऱ्या पावसाला ‘वळवाचा पाऊस’ असा शब्द आला आहे. आपला वळीव मात्र पेरणीच्या आधी येतो, आणि बोंड फुटल्यावर आलेला पाऊस कापूस काळा पाडतो. शब्द परक्या हवामानातून आला की शेतकऱ्याला त्याचा अर्थ नव्याने लावावा लागतो. तरीही ही प्रतिमा वेगळे काही सांगते. पिकाला कोणी शत्रू म्हणत नाही. कापणीची वाट पाहणारा माणूस निंदण-खुरपण थांबवत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून जी संस्था काढली तिला त्यांनी फौज म्हटले नाही. ‘देवाचा दरबार’ म्हटले. दरबारातही राजा आहे, पण तेथे माणूस चालून जात नाही. तो गाऱ्हाणे घेऊन जातो. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत एका मराठी कवीने दरबार हा शब्द निवडावा, ही गोष्ट आपल्या धर्मविचाराच्या इतिहासात दुर्लक्षण्याजोगी नाही.

‘प्रकटीकरण’ कसे वाचावे हा प्रश्न यवतमाळलाही परका नाही. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तीस वर्षे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक या गावात अभ्यासले. शिवणी तेथून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहे. लष्करी दृष्टान्त घ्यायचाच तर नॉर्मंडीइतकाच तोही हाताशी आहे, आणि तो घेतल्याने एक फायदा होतो: पराभूताचे डोळे आपसूक मिळतात.

मुक्तिफौजेचे आज महाराष्ट्रात सर्वांत परिचित ठाणे म्हणजे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, इव्हँजेलिन बूथ रुग्णालय. लोक त्याला ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात. २०२० च्या कोरोना साथीत तेथे रुग्णांवर उपचार झाले. तेथे येणाऱ्या बहुतेकांना सहस्रवर्षीय राज्याचा वाद माहीत नसेल. त्यांना तो माहीत असण्याची गरजही नाही. हाइड पार्कवरचे छत कधीच उभे राहिले नाही. जे राहिले ते एका गावातले दवाखान्याचे छप्पर आहे, आणि त्याखाली येणारा माणूस आपल्या पायांनी, आपल्या इच्छेने येतो. स्टुअर्टपुरमच्या हजेरीत आणि या दवाखान्याच्या रांगेत फौज एकच आहे. अंतकाळाची भविष्यवाणी युद्धाच्या शब्दांत वाचणाऱ्याने स्वतःला विचारण्याचा प्रश्न या दोन रांगांमधल्या फरकातच आहे.